फायलींच्या पसाऱ्याला कीबोर्ड मॅक्रो: ईमॅक्सच्या डायर्डपासून सुरुवात

फोन भरला की आपण सगळे एकच करतो. केबल लावायची, असेल नसेल ते लॅपटॉपवर ओतायचं, फोल्डरला 'फोन बॅकअप नवीन' असं नाव द्यायचं आणि 'निवांतपणे लावू कधीतरी' म्हणून तो मिटून टाकायचा. माझ्याकडे असे 'नवीन', 'नवीन २' आणि 'एकदम नवीन' होते. आत व्हॉट्सॲपवर आलेले फोटो, आईच्या तपासण्यांचे रिपोर्ट, वीजबिलं, घरपट्टीच्या पावत्या, कुणाच्या तरी मुंजीचं आमंत्रण. हवी ती फाइल मिळायची, पण तोवर तिची गरज संपलेली असायची.

हा लेख अशा पसाऱ्यासाठी आहे. साधन म्हणून मी ईमॅक्स निवडलंय, म्हणजे मजकूर लिहायचा-सुधारायचा एक प्रोग्राम, एडिटर. प्रोग्रामिंग येत नसलं तरी चालेल, इथे कोडची एक ओळही लिहायची नाही. ईमॅक्स फुकट आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. आणि मॅक्रो तर त्याच्या नावातच आहेत: 'एडिटिंग मॅक्रोज'वरून 'ईमॅक्स'. १९७६ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत टेको नावाच्या एडिटरसाठी लोकांनी आपापले मॅक्रो लिहून ठेवले होते. ते एकत्र करून रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी पहिलं ईमॅक्स उभं केलं. आज आपण वापरतो ते जीएनयू ईमॅक्स १९८५ पासून लोकांच्या हातात आहे.

एक आधीच सांगतो. दहा-वीस फायलींचंच काम असेल तर हे सगळं शिकू नका. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये एफ२ दाबा, नाव बदला, टॅब दाबा, पुढच्या फाइलचं नाव बदला. पाच मिनिटांत मोकळे व्हाल. शे-दोनशेच्या वर फायली असतील, किंवा तेच काम दर महिन्याला करावं लागत असेल, तर पुढे वाचा.

मॅक्रो म्हणजे काय

तुम्ही कळा दाबता, ईमॅक्स त्या लक्षात ठेवतं, आणि सांगाल तेव्हा त्याच क्रमाने पुन्हा दाबून दाखवतं. एवढंच. एफ३ दाबलं की नोंद सुरू, एफ४ दाबलं की नोंद बंद. त्यानंतर पुन्हा एफ४ दाबलं की तेच काम आणखी एकदा. बऱ्याच लॅपटॉपवर या कळांना आवाज, उजेड अशी कामं दिलेली असतात. तिथे एफएन धरून दाबाव्या लागतात.

ईमॅक्सला तुमच्या कळा ठाऊक असतात, मनातला हेतू नाही. मॅक्रो हा घाण्याचा बैल आहे, डोळ्यांवर झापडं बांधलेला. तुम्ही जिथून चालवला तिथूनच त्याला चालवलात तर तेल निघेल. दोन पावलं बाजूला उभा केलात तर त्याच निष्ठेने भिंतीवर जाईल. म्हणून मॅक्रो रचताना एकच विचार डोक्यात ठेवायचा: सुरुवातीला पडद्यावर काहीही असलं तरी हा नीट चालेल का? पुढच्या सगळ्या युक्त्या याच प्रश्नातून निघाल्यात.

कळा आणि भाषा

मी 'कंट्रोल+एक्स, मग डी' असं लिहीन तेव्हा कंट्रोल धरून एक्स दाबा, दोन्ही सोडा, मग नुसतं डी दाबा. ईमॅक्सच्या पुस्तिकेत 'मेटा' म्हटलेली कळ म्हणजे आपली ऑल्ट. मॅकवर ऑप्शनने काम होत नसेल तर एस्केप दाबून सोडा आणि मग पुढची कळ दाबा. काहीही बिनसलं, खालच्या ओळीत भलताच प्रश्न आला, की कंट्रोल+जी. ही सुटकेची कळ पहिल्या दिवशीच बोटात बसवा. आणि कंट्रोल+झेडने इथे केलेलं मागे जात नाही, उलट खिडकीच खाली जाऊन बसते. मागे जायला कंट्रोल आणि तिरकी रेघ.

दुसरी गोष्ट खास आपल्याकडची. संगणकाचा कीबोर्ड मराठीवर असेल तर ईमॅक्सच्या एकाक्षरी आज्ञा चालत नाहीत. इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू असताना एन दाबलं की ईमॅक्सपर्यंत 'ल' पोचतो, आणि 'ल' नावाची आज्ञा त्याला माहीत नसते. आज्ञा देताना कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा. आज्ञांची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना ती रोमन अक्षरांत करायची. आकडेही मी मराठीत लिहितोय, तुम्ही मात्र इंग्रजी अंकच टाइप करा. याचं आणखी एक कारण पुढे येईल.

डायर्ड उघडा

डायर्ड म्हणजे डिरेक्टरी एडिटर, फोल्डरची यादी दाखवणारं ईमॅक्सचं पान. स्पेलिंग डी-आय-आर-ई-डी, कुणी डिरेड म्हणतं, कुणी डायर्ड.

कंट्रोल+एक्स, मग डी दाबा. तळाशी फोल्डरचा पत्ता विचारला जाईल. पत्ता लिहून एंटर केलं की यादी येईल, एका ओळीवर एक फाइल. सुरुवातीला ती डोळ्यांवर येते: परवानग्या, मालक, आकार, तारीख, सगळंच. डावा गोल कंस दाबा, फक्त नावं उरतील. पुन्हा दाबला की तपशील परत.

हलायला एन खाली आणि पी वर. एम दाबलं की फाइलवर खूण होते, यू दाबलं की जाते. मोठं यू, म्हणजे शिफ्ट धरून, सगळ्या खुणा पुसतं. मोठं आर फाइल हलवतं किंवा तिचं नाव बदलतं, मोठं सी प्रत काढतं, अधिकचं चिन्ह नवा फोल्डर बनवतं. खुणा केलेल्या असतील तर आर आणि सी त्या सगळ्यांवर एकदम चालतात. पन्नास फायली एका फोल्डरात हलवायला मॅक्रो लागतच नाही: खुणा करा, मोठं आर, पत्ता, एंटर. नवशिके इथेच फसतात. मॅक्रो शिकल्याच्या उत्साहात एका आज्ञेचं काम वीस कळांचं करून ठेवतात.

शोध

यादीत नाव शोधायचं असेल तर कंट्रोल+एस दाबा आणि टाइप करायला लागा. एकेका अक्षरागणिक कर्सर जुळणाऱ्या जागी उडी मारतो. पुढची जागा हवी तर पुन्हा कंट्रोल+एस; सापडलं की एंटर. हा शोध पुढे मॅक्रोचा कणा होणार आहे.

एका प्रकारच्या सगळ्या फायलींवर खुणा करायच्या असतील तर टक्क्याचं चिन्ह, मग लहान एम. विचारल्यावर लिहा: बॅकस्लॅश, टिंब, पीडीएफ, डॉलरचं चिन्ह, मध्ये जागा न सोडता. नुसत्या टिंबाचा अर्थ इथे 'कोणतंही एक अक्षर' असा होतो, म्हणून आधी बॅकस्लॅश. डॉलर म्हणजे 'नाव इथे संपतं'. एंटर केलं की साऱ्या पीडीएफांपुढे चांदण्या उमटतील. आता लहान टी दाबलं तर खुणा उलटतात: पीडीएफ सोडून बाकी सगळ्यांवर. मग लहान के दाबलं तर खूण केलेल्या ओळी यादीतून दिसेनाशा होतात. घाबरू नका, फायली जागेवरच असतात, यादीतून फक्त ओळी जातात. जी दाबलं की सगळ्या परत.

फाइलच्या पोटातला मजकूर शोधायला टक्क्याचं चिन्ह आणि लहान जी. शब्द दिला की तो ज्यांत आहे त्या फायलींवर खुणा होतात. साध्या मजकुराच्या आणि सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या तक्त्यांच्या, फायलींवर हे छान चालतं. पीडीएफ आणि वर्डच्या फायलींत मजकूर दाबून भरलेला असतो, तिथे याची आशा ठेवू नका.

पोटफोल्डरांतही शोधायचं असेल तर ऑल्ट+एक्स दाबून फाइंड-लिस्प-फाइंड-डायर्ड ही आज्ञा लिहा. ती फोल्डर विचारते, मग नावाचा नमुना, आणि आतल्या सगळ्या फोल्डरांतून जुळणाऱ्या फायलींची एकच यादी मांडते. लिनक्स आणि मॅकवाल्यांना फाइंड-नेम-डायर्डही आहे. ती संगणकावरच्या 'फाइंड' या प्रोग्रामवर अवलंबून असते, आणि विंडोजमधला त्याच नावाचा प्रोग्राम निराळंच काम करतो.

क्रम लावणं

एस दाबलं की यादी तारखेनुसार लागते, ताजी फाइल वर. पुन्हा एस, की नावानुसार.

याहून वेगळा क्रम हवा तर कंट्रोल+यू, मग एस. तळाशी एक छोटी ओळ येते, वजा चिन्ह आणि ए-एल अशी अक्षरं असलेली. तिच्यामागे लहान टी जोडलंत तर तारखेनुसार, मोठं एस जोडलंत तर आकारानुसार, मोठं एक्स जोडलंत तर विस्तारानुसार, म्हणजे पीडीएफ पीडीएफजवळ आणि जेपीजी जेपीजीजवळ. या मोठ्या एक्सचा मॅकवर असा उपयोग होत नाही. कशाच्याही मागे लहान आर जोडलं की क्रम उलटतो. डिस्क भरल्याची सूचना आली की मी पहिल्यांदा मोठं एस लावतो. बहुतेक वेळा वर कुठल्या तरी लग्नाचा व्हिडिओ असतो, आणि तोही दोनदा.

तारखेनुसार लावलेल्या यादीवर फार विसंबू नका. ती तारीख फाइल शेवटची बदलल्याची असते, आणि इकडून तिकडे प्रती करताना ती हलू शकते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून तर कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीखही निघून गेलेली असते. टिकते ती नावात लिहिलेली तारीख, म्हणून ती नावातच हवी, आणि आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी. तशी लिहिली की नावाचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. १९८८ साली आलेल्या आयएसओ ८६०१ या मानकातही तारीख अशीच लिहितात. आपल्या सवयीप्रमाणे दिवस आधी लिहिलात तर सगळ्या वर्षांच्या सगळ्या एक तारखा एका ठिकाणी गोळा होतील.

आणि अंक इंग्रजी. फाइलचं नाव मराठीत जरूर ठेवा, पण तारखेचे आकडे काही फायलींत देवनागरी आणि काहींत इंग्रजी असतील तर संगणकाच्या दृष्टीने ती पूर्ण वेगळी चिन्हं आहेत. इंग्रजी अंकांत २०२४ शोधलंत तर देवनागरीतलं २०२४ सापडणार नाही. मी पाच-सहा वर्षं दोन्ही वापरले, आणि घरपट्टीची अर्धी वर्षं सतत 'हरवलेली' असायची.

पहिला मॅक्रो: व्हॉट्सॲपच्या फोटोंची नावं

अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपच्या फोटोचं नाव असं असतं: आयएमजी, आडवी रेघ, २०२४११०१, आडवी रेघ, डब्ल्यूए०००७, मग टिंब आणि जेपीजी. तारीख त्यातच आहे: १ नोव्हेंबर २०२४, म्हणजे त्या वर्षीचा लक्ष्मीपूजनाचा दिवस. फोटो मिळाल्याची तारीख ही. काढल्याची तीच असेलच असं नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरी. या नावाचं आपल्याला २०२४-११-०१-०००७ करायचंय.

आधी त्या फोल्डरची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवा. हे सांगून कुणी ऐकत नाही, मीही ऐकलं नव्हतं.

फोल्डर डायर्डमध्ये उघडा आणि कंट्रोल+एक्स, मग कंट्रोल+क्यू दाबा. आता यादीतली नावं एखाद्या साध्या मजकुरासारखी खोडता-लिहिता येतात. या अवस्थेला डब्ल्यूडायर्ड म्हणतात, आणि माझ्या मते अख्खं ईमॅक्स शिकण्याला एवढं एकच कारण पुरेसं आहे. कंट्रोल+होम दाबून यादीच्या माथ्यावर जा आणि नोंद सुरू करा. घाई करू नका. मॅक्रो तुमचा वेग लक्षात ठेवत नाही.

१. एफ३ दाबा.
२. कंट्रोल+एस दाबून मोठ्या रोमन अक्षरांत आयएमजी आणि आडवी रेघ लिहा, एंटर करा. कर्सर रेघेच्या लगेच पुढे येईल.
३. बॅकस्पेस चार वेळा. आयएमजी आणि रेघ गेली.
४. उजवा बाण चार वेळा, वर्ष ओलांडलं. आडवी रेघ लिहा.
५. उजवा बाण दोन वेळा, महिना ओलांडला. आडवी रेघ लिहा.
६. उजवा बाण तीन वेळा. दिवस आणि त्यापुढची रेघ ओलांडली.
७. डिलीट दोन वेळा. डब्ल्यू आणि ए गेले.
८. एफ४ दाबा.

एक नाव बदललं. आता एफ४ एकदाच दाबा आणि दुसरं नाव नीट निरखून बघा. बरोबर असेल तर कंट्रोल+यू, मग ५, मग एफ४: पाच नावं. त्यावरूनही नजर फिरवा. मग कंट्रोल+यू, शून्य, एफ४.

हे शून्य फसवं आहे. त्याचा अर्थ 'एकदाही नको' असा नाही, 'अडेपर्यंत चालू दे' असा आहे. आणि मॅक्रो अडतो कुठे? दुसऱ्या पायरीतल्या शोधाला पुढे एकही आयएमजी सापडत नाही तिथे. कर्सर खालच्या ओळीवर नेऊन काम सुरू करायचं असं ठरवलं असतं तर मधे एखादी पीडीएफ आली की तिच्याही नावातून चार अक्षरं उडाली असती. शोधाने सुरुवात केल्यामुळे मॅक्रो भलत्या फाइलला हातच लावत नाही, आणि काम संपलं की स्वतःच थांबतो. बैलाला दावंही तेच आणि खुंटाही तोच. फोनच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंच्या नावात बहुधा आयएमजीनंतर आडवी रेघ नसते, खाली पडलेली रेघ असते. तेही यात सापडत नाहीत, आणि सापडू नयेतच.

मनासारखं झालं की कंट्रोल+सी दोनदा, आणि नावं खरोखर बदलतील. तोवर डिस्कवर काहीही झालेलं नसतं. विस्कटलं तर कंट्रोल+सी, मग कंट्रोल+के, आणि जुनी नावं जशीच्या तशी. पण दोनदा कंट्रोल+सी झाल्यावर मागे जाण्याची कळ दाबून उपयोग नाही. पडद्यावरची यादी कदाचित बदलेल, डिस्कवरच्या फायली बदलणार नाहीत. प्रत काढून ठेवायला सांगितलं ते यासाठीच.

सगळे फोटो नको असतील, एकेक बघून ठरवायचं असेल, तर दुसऱ्या पायरीनंतर कंट्रोल+एक्स, मग क्यू असं नोंदवा. मग मॅक्रो प्रत्येक फेरीत त्या जागी थांबून विचारेल. वाय म्हटलं तर पुढे चालेल, एन म्हटलं तर ही फाइल सोडून पुढच्या फेरीला लागेल, एंटर केलं तर तिथेच थांबेल.

रोजचा मॅक्रो: ताजी बिलं वर

आता शोध आणि क्रम एकत्र आणू. मला हवं ते असं: एक कळसंच दाबला की डाउनलोड्स फोल्डर उघडावा, ताज्या फायली वर याव्यात, आणि पीडीएफ सोडून बाकी काही दिसू नये. महिन्याच्या पाच तारखेच्या आसपास सगळी बिलं आणि पावत्या तिथेच येऊन पडलेल्या असतात.

माझ्या पहिल्या प्रयत्नात मी नोंद केली: फोल्डर उघड, एस दाब. सकाळी चाललं. दुपारी तोच मॅक्रो चालवला तर यादी अकारविल्हे! कारण उघड होतं, फक्त मला दिसायला अर्धा तास लागला. एस ही दिव्याच्या बटणासारखी कळ आहे. दिवा चालू असताना दाबलीत तर बंद होतो. डायर्डचं पान सकाळपासून उघडंच होतं, तारखेनुसार लावलेलं, आणि मॅक्रोने ते इमानेइतबारे उलटवलं. म्हणून मॅक्रोत अशी उलटापालट करणारी कळ नको. 'बदल' म्हणू नका, 'हे कर' म्हणा.

तेव्हा नोंद अशी. एफ३. कंट्रोल+एक्स, डी. खालच्या ओळीत आधीच कुठला तरी पत्ता असेल. कंट्रोल+ए आणि कंट्रोल+के दाबून तो पुसा आणि आपल्या डाउनलोड्सचा पूर्ण पत्ता लिहा, एंटर. मोठं यू दाबून जुन्या खुणा पुसा. मग कंट्रोल+यू, एस. इथेही कंट्रोल+ए, कंट्रोल+के करून ओळ रिकामी करा, आणि वजा, ए, एल, टी असं लिहून एंटर. आता टक्क्याचं चिन्ह, एम, बॅकस्लॅश-टिंब-पीडीएफ-डॉलर, एंटर. टी. के. एफ४.

लहान टी उलटापालट करणारंच आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पण त्याआधी मोठ्या यूने पाटी कोरी केलीय, म्हणून ते दरवेळी एकाच अवस्थेतून उलटतं. तसं चालतं.

विंडोजवर पूर्ण पत्ता लिहा म्हटलं ते उगाच नाही. लिनक्स आणि मॅकवर नागमोडी चिन्ह म्हणजे तुमचं घर, त्याच्यापुढे डाउनलोड्स लिहिलं की झालं. विंडोजमधलं ईमॅक्स मात्र घर समजतं ते ॲपडेटाच्या आतल्या रोमिंग फोल्डरला, आणि तिथे तुमची बिलं नसतात. सी, विसर्गासारखी दोन टिंबं, तिरकी रेघ, युजर्स, तुमचं नाव, असं सगळं लिहा. तिरकी रेघ पुढे कललेली चालते.

क्रमांक घालणारा मॅक्रो, आणि सातबाऱ्याची गोष्ट

गावच्या जमिनीचे जुने कागद स्कॅन केले तेव्हा स्कॅनरने त्यांना 'डॉक्युमेंट', खाली पडलेली रेघ आणि एखादा आकडा अशी नावं दिली. मला हवं होतं सातबारा-००१, सातबारा-००२. आकड्याआधी शून्यं हवीतच. नाहीतर बऱ्याच ठिकाणी एकच्या मागोमाग दहा येतो आणि दोन कुठल्या कुठे जातो.

ईमॅक्सच्या मॅक्रोत मोजणारा आकडा अंगचाच असतो. आधी त्याचा साचा ठरवा: कंट्रोल+एक्स, कंट्रोल+के, कंट्रोल+एफ, आणि विचारल्यावर टक्क्याचं चिन्ह, ०३, लहान रोमन डी. म्हणजे तीन अंकी आकडा, रिकाम्या जागी शून्य.

क्रमांक यादीच्या क्रमानेच पडणार, म्हणून यादी आधी लावून घ्या. मी ज्या क्रमाने पानं स्कॅन केली त्याच क्रमाने हवी होती: कंट्रोल+यू, एस, आणि वजा-ए-एल-टी-आर. सगळ्यात जुनं वर. मग कंट्रोल+एक्स, कंट्रोल+क्यू, आणि कंट्रोल+होम.

नोंद सुरू करताना कंट्रोल+यू, १, एफ३, म्हणजे मोजणी एकपासून. कंट्रोल+एसने 'डॉक्युमेंट' आणि खालची रेघ शोधा, एंटर. ऑल्ट+डी दाबा, पुढचा आकडा जाईल, मग तो एक अंकी असो की तीन अंकी. ऑल्ट+बॅकस्पेस, मागचा शब्द रेघेसकट जाईल. रोमन अक्षरांत सातबारा आणि आडवी रेघ लिहा. आता पुन्हा एफ३: नोंद चालू असताना ही कळ आकडा लिहिते आणि पुढच्या फेरीसाठी एकने वाढवते. एफ४. मग मघासारखंच, एकदा करून बघा, पाचदा, आणि शून्य.

देवनागरी नाव मॅक्रोतच टाइप करायचा मोह टाळा. मधे कीबोर्डची भाषा बदलणं म्हणजे परत तीच दिव्याच्या बटणाची गोष्ट. मॅक्रो संपल्यावर कंट्रोल+होम करा, ऑल्ट धरून टक्क्याचं चिन्ह दाबा, रोमन सातबारा लिहून एंटर, मग कीबोर्ड मराठी करून 'सातबारा' लिहा आणि एंटर. कीबोर्ड इंग्रजीवर आणून उद्गारचिन्ह दाबलं की सगळी नावं एका फटक्यात मराठी. त्यानंतर दोनदा कंट्रोल+सी.

या शेवटच्या पायरीवर मी शहाणपणा केला होता. कागदावर जसं छापतात तसं, आकड्यात ७/१२ लिहिलं. ईमॅक्सने काही कुरकुर केली नाही, आणि फायली दिसेनाशा झाल्या. दहा मिनिटं घाम फुटला. मग लक्षात आलं की तिरकी रेघ म्हणजे फोल्डर. ईमॅक्सने '७' नावाचा नवा फोल्डर बनवून सगळे कागद त्यात '१२-००१', '१२-००२' असे रचून ठेवले होते. फाइलच्या नावात ७/१२ चालत नाही. सातबारा असा अक्षरीच लिहा. तेच तारखांचं आणि 'घर क्र. ४/बी'चं.

मॅक्रो जपून ठेवणं

ईमॅक्स बंद केलं की मॅक्रो जातो. टिकवायचा असेल तर कंट्रोल+एक्स, कंट्रोल+के, मग एन दाबून त्याला नाव द्या, समजा नवी-बिलं, रोमन अक्षरांत. यापुढे ऑल्ट+एक्स करून ते नाव लिहिलं की मॅक्रो चालेल. कळही देता येते: कंट्रोल+एक्स, कंट्रोल+के, बी, मग १. आता कंट्रोल+एक्स, कंट्रोल+के, १ हा त्याचा कळसंच. शून्य ते नऊ आणि मोठी रोमन अक्षरं अशा कामासाठी मोकळीच ठेवलेली आहेत.

मग ईमॅक्सची सुरुवातीची फाइल उघडा: कंट्रोल+एक्स, कंट्रोल+एफ, आणि नागमोडी चिन्ह, तिरकी रेघ, टिंब, ईमॅक्स. इथे विंडोजवरही नागमोडी चिन्हच बरोबर, कारण ईमॅक्स ही फाइल आपल्या त्याच घरात शोधतं. फाइलच्या शेवटी जाऊन कंट्रोल+यू, ऑल्ट+एक्स, इन्सर्ट-केबीडी-मॅक्रो, एंटर, मॅक्रोचं नाव, एंटर. दोन-तीन ओळी आपोआप उमटतील. त्या वाचता आल्या नाहीत तरी हरकत नाही. सुरुवातीच्या कंट्रोल+यूमुळे कळसंचही त्यांत नोंदला जातो. कंट्रोल+एक्स, कंट्रोल+एस करून फाइल जतन करा.

नोंदवलेल्या मॅक्रोत एखादी कळ चुकली असेल, बॅकस्पेस चारऐवजी पाच झाला असेल, तर सगळं पुन्हा करू नका. कंट्रोल+एक्स, कंट्रोल+के, कंट्रोल+ई दाबलं की कळांची यादी समोर येते. जादा कळ खोडा आणि कंट्रोल+सी दोनदा. आणि एफ३ दाबायचंच विसरून काम करून बसलात तर कंट्रोल+एक्स, कंट्रोल+के, लहान एल दाबा: तुम्ही दाबलेल्या शेवटच्या ३०० कळा ईमॅक्स समोर मांडतं. नको त्या खोडल्यात की उरलेल्यांचा मॅक्रो तयार.

डिलीट करण्याचं काम मात्र मी मॅक्रोला कधीच देत नाही. डी दाबून खुणा करण्यापर्यंत त्याला जाऊ देतो, यादी वरपासून खालपर्यंत डोळ्यांनी वाचतो, आणि शेवटचं एक्स स्वतःच्या बोटाने दाबतो.